कानातली कटकट

करंगळी कानात घाला. (ऑफिसात असाल तर आधी आजूबाजूला बघून घ्या.) आता तोंड उघडा, मिटा, परत उघडा. करंगळीच्या टोकाशी काहीतरी पुढेमागे सरकतंय ना? तो तुमचा जबडा. खालच्या जबड्याच्या हाडाचं गोल टोक कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात, एका खोबणीत बसलेलं असतं. जबडा हलला की नळीचा आकारसुद्धा किंचित बदलतो. शेजार इतका जवळचा असल्यावर एका घरातली भांडी पडली की दुसऱ्या घरात ऐकू जाणारच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात आमच्या टीममधल्या चार जणांना 'टीएमजे' झालाय. म्हणजे, सांधा सगळ्यांनाच जन्मापासून असतो, पण यांना तो 'झालाय'. घास चावताना कानात कट्ट वाजतं, जांभई दिली की पॉप होतं, दात आवळले की कानातल्या गुणगुणीचा सूर बदलतो. मग रात्री दोन वाजेपर्यंत सर्च, सकाळी अपॉइंटमेंट, आणि संध्याकाळी पँट्रीत एस्टिमेटचं वाचन. माझाही डावा सांधा वाजतो, कॉलेजपासून वाजतो, त्यामुळे मी या चर्चेत पूर्ण अधिकाराने तोंड घालतो (कट्ट!).

माझं म्हणणं सरळ आहे. वाजणाऱ्या जबड्याचे शहरात भलते लाड चाललेत. आणि ज्या जबड्याकडे खरोखर बघायला हवं, तो आवाज करत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तो जबडा जव्हार-मोखाड्यात आहे, आमच्या सोसायटीच्या गेटवर आहे, आणि ऑफिसखालच्या टपरीवरही आहे.

आधी लाडांचं बघू.

जबड्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मधे एक छोटी चकती असते. ती थोडी पुढे घसरली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि कट्ट होतं. मिटताना उतरतं, तेव्हा दुसरं, हलकं कट्ट. वाळूवरून चप्पल ओढल्यासारखी करकर असेल तर सांध्याचे पृष्ठभाग झिजलेत. पॉप मात्र सांध्याचा नसतोच. मधल्या कानातून घशामागे जाणारी एक नळी आहे, युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते, गिळताना-जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो. त्याचा तो आवाज. या स्नायूला आणि चावण्याच्या स्नायूंना मज्जातंतूही एकच. थोडं अवांतर: १८३७ साली राइखर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आपल्या मधल्या कानातली दोन हाडं म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. म्हणजे उत्क्रांतीने जबड्याचे सुटे भाग काढून कानात बसवले. लेगसी कोड आहे हो, दोन मॉड्यूल पूर्ण वेगळी कधी झालीच नाहीत!

तर धडधाकट माणसांपैकीही कितीतरी जणांचा हा सांधा वाजतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, जबडा अडकत नसेल, तर त्या आवाजाला औषध नाही कारण तो रोग नाही. (कान वाहत असेल, ऐकू कमी येत असेल, किंवा एकाच कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येत असेल, तर मात्र कानाच्या डॉक्टरकडे जा. तिथे माझं ऐकू नका.)

पण रोग नाही म्हणून सोडून देणं हा धंदा नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या जेम्स कॉस्टन नावाच्या कान-नाक-घसा डॉक्टरने अकरा पेशंट बघून सिद्धांत मांडला की मागचे दात गेले की जबडा मागे सरकतो, नसा आणि कानाची नळी दाबतो, म्हणून कान दुखतो, वाजतो. पुढे शरीररचनेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं की असं दाबलं जाणं शक्यच नाही. पण तोवर दातांची उंची वाढवण्याचा उद्योग सुरू झाला होता. मग ऐंशीच्या दशकात चकती काढून तिथे कृत्रिम चकती बसवायची टूम निघाली. १९८३ मध्ये परवानगी मिळालेल्या व्हायटेक कंपनीच्या चकत्यांमध्ये टेफ्लॉन होतं, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. जबड्याच्या दाबाखाली तिचे बारीक कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला केला आणि त्या धुमश्चक्रीत पेशंटच्या जबड्याचं हाड खाल्लं गेलं. १९९० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चकत्या परत मागवल्या. पेशंटनी जबडे कुठे परत करायचे?

आता इतकं भयंकर कोणी करत नाही. आता 'नाइट गार्ड' असतो, 'बाइट करेक्शन' असतं, पॅकेज असतं. मला एका चकाचक क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) जे एस्टिमेट मिळालं त्यावर ८५,००० चा आकडा होता. दुखत काहीच नव्हतं, मी दात साफ करायला गेलो होतो. त्यातले ६०,००० दात घासून-चढवून 'बाइट' बदलण्याचे होते, म्हणजे जे एकदा केलं की अनडू नाही. तर २०२३ च्या डिसेंबरात 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात या सांध्याच्या जुनाट दुखण्यासाठी एक मार्गदर्शिका आली. दुखण्यासाठी बरं का, नुसत्या वाजण्यासाठी नाही. त्यात ठाम शिफारस कशाची? जबड्याचे व्यायाम, ताण देऊन मोकळं करणं, ताणतणावासाठी समुपदेशन, आणि पेशंटला नीट समजावून सांगणं. रात्रीच्या साध्या गार्डबद्दलही हात आखडता घेतलाय, आणि चकती काढून टाकण्याला तर स्पष्ट विरोध. समजावून सांगण्याचं बिल लावता येत नाही, इतकीच त्या मार्गदर्शिकेची अडचण.

असो. आता आवाज न करणाऱ्या जबड्याकडे.

पावसाळ्यात आपण सगळे जव्हारला जातो. 'मिनी महाबळेश्वर', दाभोसा धबधबा, राजवाडा, वाटेत भुट्टा. मनोरवरून विक्रमगड आणि तिथून घाट चढून जव्हार, गाव साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. तेवढ्या चढात हवेचा दाब पाचेक टक्क्यांनी उतरतो, कानाला दडे बसतात, कोणीतरी च्युइंगगम वाटतं, जबडे हलतात, पॉप पॉप, दडे सुटतात, गाण्यांचा आवाज परत वाढतो. इथे एक गंमत आहे. घाट चढताना मधल्या कानातली जास्तीची हवा बहुतेक वेळा आपोआप बाहेर निसटते. उतरताना तसं होत नाही. बाहेरचा दाब वाढत असतो, नळी चिकटून बसते, आणि टाळूच्या स्नायूने जोर लावून उघडल्याशिवाय ती उघडत नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक सिक्युरिटीवाला होता, मोखाडा तालुक्यातला, वय २३. मी एकदा लिफ्टजवळ जबडा चोळत उभा होतो, तर त्याने विचारलं, "साहेब, तुमचापण कान बंद होतो का?" म्हटलं बंद नाही रे, वाजतो. तर म्हणाला, "माझा वाजत नाही. गावाकडून घाट उतरून आलो की दोन-दोन दिवस दडा सुटतच नाही. जांभई येते पण तोंड पुरतं उघडत नाही." जवळच्या एका डॉक्टरकडे (यांचंही नाव घेत नाही) त्याने तीन वेळा जाऊन कानात घालायचे थेंब आणले होते. तीनही वेळा कान बघितला गेला. तोंड उघड असं त्याला एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, कारण वडापावचे तो नखाएवढे तुकडे करून खायचा ते मला रोज दिसायचं. समोरच्या दातांमध्ये त्याची दोनच बोटं कशीबशी जात होती. शेवटी मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात पाठवलं, तिथे पट्टीने मोजलं: २२ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० किंवा जास्त उघडायला हवं.

याला म्हणतात ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. कारण सुपारी. तंबाखू नव्हे, आधी सुपारी, हे मुद्दाम सांगतोय, कारण 'मी तंबाखू खात नाही, नुसती मीठी सुपारी' असं म्हणणारे महाभाग आपल्यातही आहेत. सुपारीतलं अरेकोलीन तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना जादा तंतू बनवायला लावतं, आणि बनलेले तंतू सहज मोडतही नाहीत. गाल आतून दोरखंडासारखे होतात. आधी तिखट झोंबतं, मग शिट्टी वाजत नाही, फुगा फुगत नाही, मग घास जात नाही. टाळूचे स्नायूही कडक होतात आणि कानाची ती नळी उघडणारा स्नायू त्यातलाच. कानाला दडा, ऐकू कमी, कानात कळ, हे सगळं तिथून येतं. म्हणून भारतात हा रोग पहिल्यांदा नीट वर्णन करणारा माणूस दातांचा डॉक्टर नव्हताच. १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी मुंबईतून त्यावर लिहिलं आणि छापलं ते कान-घशाच्या नियतकालिकात. म्हणजे सत्तर वर्षं उलटून गेली आणि आपण अजून थेंबच देतोय.

आणि हे नुसतं तोंड न उघडण्यावर थांबत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ पेशंटवर १७ वर्षं नजर ठेवली. १९८५ मध्ये निष्कर्ष छापले, ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सुपारी स्वतःच कॅन्सरकारक असल्याचं जाहीर केलं, तंबाखूची सोबत नसली तरी. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे निघाले २४.४ टक्के मोठी माणसं, आणि विडी-सिगरेटवाले जेमतेम ३.८. आपलं सगळं 'नो स्मोकिंग' त्या ३.८ साठी.

सॉफ्टवेअरमध्ये आपण हे रोज बघतो. वॉर्निंग देणारं मॉड्यूल सगळ्यांना छळतं म्हणून त्याच्यावर तिकिटं पडतात. जे एरर न देता चुकीचा डेटा लिहीत राहतं, ते वर्षभराने प्रॉडक्शनमध्ये सापडतं. आमच्या या मित्राचा सांधा वाजत नव्हता. चकती जागेवर, हाडं ठणठणीत. फक्त दार बंद होत होतं, दर वर्षी थोडं थोडं.

आता कोणी म्हणेल, गुटख्यावर बंदी आहे ना. आहे की! आधी २००२ च्या ऑगस्टमध्ये घातली, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. मग जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली परत घातली आणि नंतर वर्षावर्षाने वाढवत आणली, पानमसाला आणि सुगंधित सुपारीसकट. कागदावर इतकी चांगली बंदी फार राज्यांत नसेल. आणि जमिनीवर? जव्हार तालुक्याला लागूनच दादरा-नगर हवेलीची हद्द आहे, पुढे गुजरात. पुडी कुठे मिळते हे विचारायला भाषासुद्धा लागत नाही, दोन बोटं ओठांशी नेली की पुरतं. बंदीने झालं काय, तर पुडी महाग झाली आणि अदृश्य झाली. माल बंद झाला असं सरकारने धरून चालायचं, म्हणजे मग तोंडं तपासायची गरजही उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो घेणारी माणसं चांगली असतात म्हणून जास्त त्रास होतो. 'अरे तिथे पोरं कुपोषणाने जातात आणि तू जबड्याचं काय घेऊन बसलास?' वावर-वांगणी मलाही माहीत आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या त्या मृत्यूंनी राज्य हादरलं होतं. २०१६ मध्ये मोखाड्याचं नाव परत त्याच कारणासाठी पेपरात होतं. पण कुपोषण म्हणजे फक्त पोत्यात धान्य नसणं नव्हे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे, आमच्या इमारतींच्या बांधकामावर जाणारी माणसं तंबाखू-सुपारी कशाला खातात? चव म्हणून? भूक मरते म्हणून, झोप उडते म्हणून. आणि मग ज्या तोंडात भाकरीचा तुकडा जात नाही, मिरची लागली की डोळ्यांतून पाणी येतं, त्या तोंडाला पोषण आहार कसा पोचणार? ज्या प्रदेशात तारपा वाजतो (दुधी भोपळ्याचा, आणि वाजवणारा दम न मोडता गाल फुगवून रात्र-रात्र वाजवतो), तिथल्या पोराला फुगा फुगवता येऊ नये, हे जबड्याचं किरकोळ दुखणं वाटत असेल तर बोलणं खुंटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. यंत्रणा नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्याची देशातली सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या तपासणीत दात आहेत, कान फुटणं आहे, बहिरेपणा आहे. दुसऱ्या टोकाला आशाताई घरोघर एक फॉर्म भरतात, त्यात चक्क प्रश्न आहे: तोंड उघडायला त्रास होतो का? ऐकू येण्याबद्दलही आहे. अगदी बरोबर प्रश्न. फक्त तो फॉर्म ३० वर्षांपुढच्यांसाठी आहे. कॅन्सरसाठी तोंड बघतात तेही तिशीनंतर.

म्हणजे १८ ते ३०, कोणीच नाही. आणि हा रोग धरतो कधी? आश्रमशाळेच्या वयात सुपारी, सतरा-अठराव्या वर्षी पुडी, बाविसाव्या वर्षी तोंड दोन बोटं. पानाने जे व्हायला बरीच वर्षं लागायची ते पुडीने लवकर होतं. तिशीचा फॉर्म येईपर्यंत तंतू पक्के झालेले असतात, आणि पक्के झालेले तंतू पुरते परत जात नाहीत. सुपारी सोडणं, व्यायाम, इंजेक्शनं, शेवटी ऑपरेशन, आणि तरीही पूर्वीसारखं नाही. ज्याने हे वय ठरवलं त्याने कॅन्सरचं वय बघितलं असणार, ते ठीक आहे. पण बंद होणाऱ्या तोंडाचं वय बघितलं नाही. शिवाय ज्या महिन्यांत आशाताई घरी येणार त्या महिन्यांत हा पोरगा भट्टीवर किंवा आमच्या गेटवर.

मागणी मशीनची नाहीच आहे. एमआरआय नको, नवी इमारत नको. पंधरा सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी हवी, कंपासपेटीतली. आश्रमशाळेत आठवीपासून पुढे वर्षातून एकदा वजन-उंचीच्या रकान्याशेजारी एक रकाना: तोंड किती उघडतं, मिलिमीटरमध्ये. आणि आशाताईंच्या फॉर्मवरचं वय ३० वरून १८. एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की ३८ चं ३४ झालेलं दिसतं, आणि ३४ ला पोराला थांबवता येतं. २२ ला थांबवून काय? (हो, थांबवायचंच, पण कळलं ना.) मला कोणी तरी सांगेल की आशाताईंवर आधीच किती कामं आहेत. मान्य. मग त्या कामांचे पैसे द्या की.

आणि आपल्यापुरतं. ज्यांना कट्ट वाजतं त्यांनी तर्जनी, मधलं बोट, अनामिका एकावर एक अशी उभी समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं आरामात गेली आणि दुखत नसेल तर एस्टिमेट फाडून टाका. तीन जात नसतील तर खिशातली पुडी बाहेर काढा आणि सोमवारी सुट्टी टाका. मग घरी भांडी घासायला येतात त्या मावशी (मिश्री लावणाऱ्या असतील तर नक्कीच), गेटवरचा पोरगा, साइटवरचे मजूर, यांना विचारा तीन बोटं जातात का. लाज वाटते, मलाही वाटली होती, पण त्यांना वाटत नाही, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आमचा सिक्युरिटीवाला आता गावीच असतो. बर्फाच्या गोळ्याच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिलाय, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. गेल्या महिन्यात फोनवर विचारलं किती झालं. म्हणाला, "साहेब, सत्तावीस. पण बाजारात गेलो की ह्या पुड्या डोळ्यांसमोर टांगलेल्याच असतात."